अ‍ॅनिमेचा बापमाणूस

तुमच्या ग्रुपमध्ये असा एक तरी असतोच. 'जुजुत्सू कायसेन'चा नवा एपिसोड आला की रात्र जागवणारा, 'वन पीस'चे हजारावर एपिसोड संपवले म्हणून कॉलर ताठ करणारा आणि कुणी चुकून 'कार्टून' म्हणालं की चिडणारा. कदाचित तो एक म्हणजे तुम्हीच असाल.

तर मग तुम्हाला हे प्रश्न कधी ना कधी पडलेच असतील. अ‍ॅनिमेमधल्या पात्रांचे डोळे एवढे मोठ्ठे का असतात? मारामारी ऐन रंगात आली की चित्र मध्येच थिजतं आणि मागे नुसत्या रेषा धावतात, ते कशासाठी? दोन पात्रं पाच-पाच मिनिटं बोलत असतात आणि त्यांचे फक्त ओठ हलतात, असं का?

या प्रश्नांचा माग काढत मागे मागे गेलं की रस्ता एकाच माणसाच्या टेबलापाशी येऊन थांबतो. डोक्यावर बेरे टोपी, जाड काळ्या फ्रेमचा चष्मा, बोटांना शाई आणि दाराबाहेर ताटकळणारे चार-पाच संपादक. त्याचं नाव ओसामू तेझुका.

जपानमध्ये त्याला 'मंगाचा देव' म्हणतात. (मंगा म्हणजे जपानी कॉमिक्स आणि अ‍ॅनिमे म्हणजे हलणारी चित्रं, हे आता सांगायला नकोच.) पण एकदा देव म्हटलं की आपण हात जोडतो आणि पुढे जातो. तेझुकाला तसं सोडून देता येत नाही. त्याने आपल्याला अ‍ॅनिमे दिला हे खरंच, पण तो देताना त्याने एक सौदा केला. त्या सौद्याची किंमत किती आणि ती कोण चुकवतंय, यावर आजही वाद चालतो.

किड्यांच्या नादी लागलेला पोरगा

३ नोव्हेंबर १९२८ ला ओसाकाजवळच्या तोयोनाका गावात त्याचा जन्म झाला. हा सम्राट मेइजी यांचा जन्मदिवस, म्हणून 'मेइजी' या शब्दातलंच एक अक्षर घेऊन बाळाचं नाव ठेवलं. पुढे हे कुटुंब ताकाराझुकाला राहायला गेलं आणि ओसामूचं सगळं बालपण तिथेच गेलं.

ताकाराझुकाची ओळख म्हणजे तिथलं थिएटर. त्यात सगळ्या भूमिका बायकाच करतात, अगदी राजपुत्राच्यासुद्धा. आपल्याकडे बालगंधर्व स्त्री-भूमिकांनी रंगभूमी गाजवत होते, त्याच काळात तिथे नेमकं उलटं चाललं होतं. ओसामूची आई त्याला हे प्रयोग दाखवायला न्यायची. भरजरी कपडे, लखलखीत दिवे आणि काजळाने मोठे केलेले डोळे त्याच्या मनात कायमचे बसले. वर्षानुवर्षांनी त्याने 'प्रिन्सेस नाइट' नावाची मंगा काढली. तिची नायिका जगासमोर राजपुत्र बनून तलवार चालवते. तिचं मूळ इथलंच.

आई आणखीही एक काम करायची. ती त्याला मंगा वाचून दाखवायची, आणि तेही प्रत्येक पात्राचा वेगळा आवाज काढून. वडिलांनी घरी एक छोटा प्रोजेक्टर आणला होता. त्यावर चाप्लिन आणि मिकी माउस बघून तो मोठा झाला.

शाळेत मात्र त्याचे हाल व्हायचे. अंगाने बारीक, डोळ्यांवर चष्मा, कुरळे केस. पोरं त्याला छळायची. मग त्याच्या लक्षात आलं, की आपण चित्रं काढली की हीच पोरं भोवती गोळा होतात. चित्रं हीच त्याची ढाल झाली. दुसरा नाद होता किड्यांचा. रानात फिरून तो किडे गोळा करायचा, वहीत त्यांची हुबेहूब चित्रं काढायचा. जपानीत एका भुंग्याला 'ओसामुशी' म्हणतात. आपलं नाव त्याच्याशी जुळतं याचा त्याला एवढा आनंद झाला, की त्याने स्वतःच्या नावापुढे 'किडा' या अर्थाचं अक्षर जोडून टाकलं. सही आयुष्यभर तीच राहिली.

वाचलेले हात

मग युद्ध आलं. शाळकरी मुलांनाही कामाला जुंपलं गेलं. एका प्रशिक्षण छावणीत ओसामूच्या दोन्ही हातांना बुरशीचा भयंकर संसर्ग झाला. हात कापावे लागतील की काय अशी वेळ आली होती, पण एका डॉक्टरने ते वाचवले. आपणही डॉक्टर व्हायचं, हे त्याच्या मनाने तेव्हा घेतलं.

जून १९४५. सोळा वर्षांचा ओसामू ओसाकामधल्या एका कारखान्यात टेहळणीच्या मनोऱ्यावर उभा होता. वरून बॉम्ब पडले. आजूबाजूची माणसं गेली आणि तो वाचला. धुरातून वाट काढत तो योदो नदीपाशी आला, तर तिथे प्रेतांचा खच पडलेला. यानंतर तो कारखान्याकडे फिरकलाच नाही. घरी बसून चित्रं काढत राहिला.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये आणखी एक गोष्ट घडली होती. जळून खाक झालेल्या ओसाकामध्ये एक थिएटर शाबूत उरलं होतं. तिथे 'मोमोतारो' नावाचा लांबलचक अ‍ॅनिमेशनपट लागला होता. तो जपानी नौदलाने प्रचारासाठी बनवून घेतला होता. थिएटर जवळजवळ रिकामं. ओसामू एकटा बसला आणि रडला. युद्धाचा प्रचार त्याला नको होता. पण अशा दिवसांतही कुणीतरी इतकी सुंदर चित्रं हलवून दाखवतंय, याने तो हलून गेला. आयुष्यात एकदा तरी आपण अ‍ॅनिमेशन करायचं, हे त्याने तिथेच ठरवलं.

१५ ऑगस्टला जपानने शरणागती जाहीर केली. इतकी वर्षं हवाई हल्ल्यांच्या भीतीने अंधारात बुडालेल्या ओसाकामध्ये दिवे लागले. आपण जगलोय आणि आता हवं ते काढू शकतो, एवढंच त्याला त्या उजेडात समजलं.

पण शांतताही सोपी नव्हती. रस्त्यात काही अमेरिकन सैनिकांनी त्याला काहीतरी विचारलं. त्याला इंग्रजी कळलं नाही आणि त्यांनी त्याला ठोसा मारला. दोन बाजू एकमेकांची भाषाच समजू शकत नाहीत, म्हणून मार खाणारा मधला माणूस. हा अनुभव पुढे त्याच्या गोष्टींतून पुन्हा पुन्हा येत राहिला, कधी रोबोच्या रूपात तर कधी परग्रहवासीयांच्या.

स्टेथोस्कोप की पेन?

तो ओसाकामध्ये मेडिकलला गेला आणि अभ्यास करता करता मंगाही काढू लागला. जानेवारी १९४६ मध्ये, म्हणजे सतरा वर्षांचा असताना, मुलांच्या एका वर्तमानपत्रात त्याची चार चौकटींची मालिका सुरू झाली. १९४७ मध्ये 'न्यू ट्रेझर आयलंड' आलं आणि पोरांच्या उड्या पडल्या.

त्यात एवढं काय होतं? तोवरच्या बऱ्याचशा मंगा नाटकासारख्या असायच्या. स्टेज समोर, पात्रं उभी, संवाद सुरू. तेझुकाने चौकटीला कॅमेरा बनवलं. गाडी लांबून येते, जवळ येते, चाक दिसतं, चेहरा दिसतो, घाम दिसतो. एकाच क्षणाला पाच चौकटी. वाचणाऱ्या पोरांना कागदावर सिनेमा चालू असल्यासारखं वाटलं. पाठोपाठ 'लॉस्ट वर्ल्ड', 'मेट्रोपोलिस' आणि 'नेक्स्ट वर्ल्ड' ही सायन्स फिक्शनची तिकडी आली. यांत सगळं छान छान नव्हतं. पात्रं मरायची, शेवट दुःखाचे व्हायचे. मुलांसाठीच्या पुस्तकांत हे नवीन होतं.

आता डॉक्टर व्हायचं की चित्रकार? शेवटी आईलाच विचारलं. तुला मनापासून काय आवडतं, असं तिने विचारलं. मंगा, असं उत्तर मिळाल्यावर तिने सांगितलं की मग तेच कर. त्या काळी मंगा काढणं म्हणजे पोरांच्या वेळेची नासाडी करणारा, जराही प्रतिष्ठा नसलेला धंदा. घरात मेडिकलची पदवी येत असताना असं सांगणारी आई आजही विरळाच.

गंमत म्हणजे त्याने डॉक्टरकीही अर्धवट सोडली नाही. पदवी घेतली, परवान्याची परीक्षा पास केली आणि पुढे १९६१ मध्ये गोगलगायीच्या शुक्रपेशींवर संशोधन करून डॉक्टरेटही मिळवली. प्रॅक्टिस मात्र केली नाही.

तोक्योला आल्यावर तो 'तोकिवा-सो' नावाच्या साध्या लाकडी चाळीत राहायला गेला. १९५४ मध्ये त्याने ती खोली सोडली, तेव्हा दोन तरुण चित्रकार तिथे आले. खोलीचं डिपॉझिट आणि आपलं टेबल तो त्यांच्यासाठी मागे ठेवून गेला. ती जोडी 'फुजिको फुजिओ' या नावाने काम करायची. त्यातल्या एकाने पुढे एक निळं, गोलमटोल मांजर काढलं. होय, 'डोरेमॉन'! शाळेतून घरी आल्यावर आपण ज्याच्यासाठी रिमोटवरून भांडायचो, त्याच्या जन्मदात्याने उमेदवारी केली ती तेझुकाच्या खोलीत.

लोखंडी पोरगा

एप्रिल १९५२ पासून 'शोनेन' मासिकात एक मालिका सुरू झाली. नाव 'तेत्सुवान आतोमू'. जग त्याला 'अ‍ॅस्ट्रो बॉय' म्हणून ओळखतं.

गोष्ट अशी. डॉक्टर तेन्मा हा शास्त्रज्ञ. त्याचा मुलगा अपघातात जातो. दुःखाने वेडापिसा झालेला बाप हुबेहूब मुलासारखा रोबो बनवतो. रोबो गुणी असतो, प्रेमळ असतो, पण त्याची उंची वाढत नाही. हा आपला मुलगा नाही, हे तेन्माला कळतं आणि तो त्याला सर्कशीत विकून टाकतो. तिथून प्रोफेसर ओचानोमिझू त्याला सोडवतो. त्याच्या अंगात एक लाख हॉर्सपॉवरची ताकद, पायात रॉकेट. तरी त्याचं खरं दुखणं एकच. माणसं त्याला आपलं मानत नाहीत आणि रोबोंना वाटतं हा माणसांचा.

हिरोशिमा-नागासाकीला जेमतेम सात वर्षं झाली होती आणि या पोराचं नाव होतं 'अ‍ॅटम'. अणूची ताकद जपानला खूश करेल असं स्वप्न यात आहे, असं अनेकांनी वाचलं. पण नीट वाचलं तर ही विज्ञानाची आरती नाही. माणूस काहीतरी घडवतो, मग त्याच्यावर सत्ता गाजवतो आणि शेवटी त्याला फेकून देतो, याची ती गोष्ट आहे. आज एआयवर चाललेल्या चर्चा ऐकल्या की वाटतं, तेझुका आपल्या पुढेच कुठेतरी चालतोय.

स्वस्तात विकलेलं स्वप्न

आता सौद्याकडे येऊ.

थिएटरात रडलेला मुलगा काही विसरला नव्हता. डिस्नेचा तर तो भक्तच. 'बाम्बी' आपण ऐंशीहून जास्त वेळा बघितला, असं तो सांगायचा. मंगातून कमावलेला पैसा ओतून त्याने स्टुडिओ काढला. नाव 'मुशी प्रॉडक्शन'. मुशी म्हणजे किडा!

त्याला टीव्हीवर दर आठवड्याला अर्ध्या तासाचा अ‍ॅनिमे आणायचा होता. जपानमध्ये असं कुणी केलं नव्हतं आणि हिशेब बघितला तर करणं शक्यही नव्हतं. फिल्म सेकंदाला २४ फ्रेमने पळते. डिस्नेसारखं काम करायचं तर सेकंदाला निदान १२ चित्रं लागतात. पंचवीस मिनिटांचे झाले १८ हजार. दर आठवड्याला १८ हजार चित्रं काढणार कोण?

तेझुकाने चित्रंच कमी केली. एकच चित्र तीन फ्रेमपर्यंत धरून ठेवायचं. पात्र बोलत असेल तर बाकी सगळं स्थिर ठेवून नुसते ओठ हलवायचे. धावण्याचं दृश्य असेल तर मागची पार्श्वभूमी सरकवायची. थिजलेल्या चित्रावरून कॅमेरा फिरवायचा. आतोमच्या उड्डाणाचं चित्र एकदा काढलं की जपून ठेवायचं आणि पुढच्या एपिसोडमध्ये पुन्हा वापरायचं. या साठ्याला ते 'बँक' म्हणायचे. असं करून दर एपिसोडचा आकडा दोन हजारांच्या आसपास आणि कधी त्याच्याही खाली आला. चित्र हलेना तर गोष्ट हलली पाहिजे, म्हणून संवाद, आवाज, क्लोजअप आणि वेगवान कट यांवर सगळी भिस्त ठेवली. आज आपण जिला 'अ‍ॅनिमेची स्टाइल' म्हणतो, ती बरीचशी या काटकसरीतून जन्मली.

१ जानेवारी १९६३ ला फुजी टीव्हीवर 'अ‍ॅस्ट्रो बॉय' आला आणि पोरं वेडी झाली. १९६६ च्या शेवटच्या दिवसापर्यंत १९३ एपिसोड झाले. अमेरिकेतही तो गेला, तिथे १०४ एपिसोड इंग्रजीत दाखवले गेले. पुढे १९६५ मध्ये सिंहाच्या छाव्याची 'जंगल एम्परर' ही मालिका रंगीत टीव्हीवर आली. १९९४ ला डिस्नेचा 'लायन किंग' आल्यावर जपानी चित्रकारांनी साम्य दाखवून निषेधाचं पत्र लिहिलं ते याच मालिकेमुळे.

मग दुखणं कुठे आहे? दुखणं किमतीत आहे. खर्चापेक्षा कमी दराने तेझुकाने आपले एपिसोड टीव्हीला दिले. त्याचा हिशेब असा की स्वस्त दिलं तरच चॅनेल आणि प्रायोजक तयार होतील. तोटा भरून काढायला खेळणी, स्टिकर आणि परदेशी विक्री होती. तेही कमी पडलं तर त्याच्या स्वतःच्या मंगाचं मानधन होतंच. प्रायोजक असलेल्या मेइजी कंपनीच्या चॉकलेटच्या डब्यांतून आतोमचे स्टिकर निघायचे आणि ते तुफान चालले. हिशेब काही काळ जुळलाही.

पण एकदा स्वस्त दर पडला की पडला. मागून आलेल्या स्टुडिओंनाही तोच दर दाखवला गेला. त्यांच्याकडे भरपाईला तेझुकाचं मानधन नव्हतं. जपानमध्ये नवखे अ‍ॅनिमेटर आजही चित्रामागे मिळणाऱ्या तुटपुंज्या पैशांवर रात्रंदिवस काम करतात आणि त्याचं मूळ अनेक जण या सौद्यात शोधतात. हायाओ मियाझाकी यांनी तर तेझुका गेल्यावर लगेच लेख लिहून अ‍ॅनिमेशनमधल्या त्याच्या कामावर कडक टीका केली होती. लोक हळहळत असताना असं लिहायला हिंमत लागते. काही अभ्यासक याच्या उलटही सांगतात. त्यांच्या मते पडद्यामागे जास्त पैसे मिळत होते, आणि नंतर कित्येक वर्षं ज्यांनी दर वाढवले नाहीत त्यांचा दोष एकट्या तेझुकाच्या माथी मारणं बरं नव्हे.

मला विचाराल तर दोन्ही खरं वाटतं. तो स्वतःला पिळत होता, आणि आपण पिळून घेतो म्हणजे सगळ्यांना ते जमेल असं त्याला वाटत होतं. 'पॅशन' आहे ना, मग पैशांचं काय विचारतोस, हे आमच्या वयाच्या पोरापोरींना आज सगळीकडे ऐकायला मिळतं. तेझुकाची गोष्ट वाचताना म्हणूनच छाती भरून येते आणि थोडी धडधडतेही.

दिवाळं आणि काळा डॉक्टर

साठच्या दशकाच्या शेवटी वारं फिरलं. तरुणांना आता अधिक रांगडी, वास्तववादी 'गेकिगा' मंगा हवी होती. तेझुका जुना झाला, असं लोक म्हणू लागले. आणि देवाला हेवाही वाटायचा! शोतारो इशिनोमोरी हा त्याच्याच तालमीतला धाकटा चित्रकार. त्याच्या एका प्रयोगाला ही मंगाच नव्हे, असं तेझुकाने एका वाचकाला पत्रातून कळवलं. ते इशिनोमोरीच्या कानावर गेलं आणि तो खचला. मग तेझुका स्वतः त्याच्या दारात जाऊन उभा राहिला. आपण असं का केलं हे आपल्यालाही कळत नाही, अशी कबुली देत त्याने माफी मागितली. एवढ्या मोठ्या माणसाने धाकट्याच्या दारात जाऊन माफी मागावी, हे मला त्याच्या कुठल्याही बक्षिसाहून मोठं वाटतं.

१९७३ मध्ये मुशी प्रॉडक्शनचं दिवाळं निघालं. कर्ज डोक्यावर, राहतं घर गेलं. पंचेचाळिशीत सगळं शून्यावर. एका साप्ताहिकाच्या संपादकाने त्याला थोडी पानं दिली. त्याला मानाने निरोप द्यायचा, एवढाच विचार होता म्हणतात.

त्या पानांवर 'ब्लॅक जॅक' आला. चेहऱ्यावर टाके, अंगावर काळा कोट, परवाना नसलेला सर्जन. तो अशक्य ऑपरेशन करतो आणि अव्वाच्या सव्वा फी मागतो. लहानपणी स्फोटात चिंधड्या झालेलं त्याचं शरीर एका डॉक्टरने शिवून उभं केलेलं असतं. हात वाचलेला ओसामू आठवला ना? वीस वर्षं बाजूला पडलेलं मेडिकलचं शिक्षण शेवटी असं कामी आलं. दर आठवड्याला एक पूर्ण गोष्ट, अशा दोनशेहून जास्त गोष्टी झाल्या. निरोपाचा समारंभ राहिला बाजूलाच.

बुद्ध आणि अग्निपक्षी

याच पडत्या काळात त्याने एक काम सुरू केलं, जे आपल्या फार जवळचं आहे. ते म्हणजे 'बुद्ध'. १९७२ ते १९८३ अशी अकरा वर्षं तो सिद्धार्थ गौतमाची गोष्ट काढत होता.

महाराष्ट्रात बुद्धाची गोष्ट कुणाला नवी नाही. पण तेझुकाच्या 'बुद्ध'मध्ये सिद्धार्थाचा जन्म व्हायच्या आधी आपल्याला भेटतात तत्ता आणि चाप्रा. तत्ता हा समाजाने बाहेर टाकलेला, प्राण्यांच्या देहात शिरू शकणारा पोरगा. चाप्रा हा जन्माने शूद्र, जात लपवून सेनापतीच्या घरात वर चढू पाहणारा. ही दोन्ही पात्रं तेझुकाच्या कल्पनेतली. म्हणजे हजारो मैल दूर बसलेल्या या माणसाला कळलं होतं, की बुद्धाची गोष्ट सांगायची तर सुरुवात राजवाड्यापासून नाही, जातीपासून करायला हवी. काही विनोद अगदीच पोरकट आहेत, इतिहासाची मोडतोडही भरपूर आहे. इंग्रजी अनुवादाला मात्र २००४ आणि २००५, अशी लागोपाठ दोन वर्षं आयस्नर पुरस्कार मिळाला. कॉमिक्सच्या जगात हा फार मोठा मान.

दुसरं आयुष्यभराचं काम म्हणजे 'फिनिक्स', अमर अग्निपक्ष्याची गाथा. एक भाग प्राचीन भूतकाळात, पुढचा दूरच्या भविष्यात, मग पुन्हा भूतकाळ. दोन्ही टोकांकडून आत येत येत शेवट आजच्या काळात करायचा, असा बेत. प्रत्येक भागात माणसं अमरपण मागतात आणि प्रत्येक भागात ते त्यांना महागात पडतं. गाथा शेवटपर्यंत पूर्ण झाली नाही.

पेन्सिल

त्याच्या कामाचा आकडा आजही खोटा वाटतो. सुमारे ७०० कलाकृती, जवळजवळ दीड लाख पानं. एकाच वेळी अनेक मालिका चालू, झोप जेमतेम चार तास. पानं कधीच वेळेत मिळायची नाहीत, म्हणून संपादक त्याच्या घरीच मुक्काम ठोकायचे.

१९८८ मध्ये पोटाचा कॅन्सर निघाला. त्या काळच्या जपानी रिवाजाप्रमाणे त्याला स्वतःला आजाराचं नाव सांगितलं नव्हतं. डॉक्टर असलेल्या माणसाला हे कळलं नसेल का? हॉस्पिटलच्या खाटेवर तीन मालिका चालू होत्या. त्यातली एक बीथोव्हनवर, एक फाउस्टच्या कथेवर. शुद्ध हरपत असतानाही तो पेन्सिल मागत होता, उठून कामाला बसायला बघत होता. ९ फेब्रुवारी १९८९ ला तो गेला. वय फक्त ६०. तिन्ही मालिका अपूर्ण.

हे वाचून भारी वाटतं, नाही? मलाही वाटलं होतं. मग मनात आलं, अजून वीस वर्षं तो झोपला असता, जेवला असता, तर 'फिनिक्स'चा शेवट आपल्याला वाचायला मिळाला असता.

मुशी बुडाली, पण तिथे शिकलेली माणसं पांगून सगळीकडे रुजली. तिथल्या काहींनी मिळून 'मॅडहाउस' काढला, म्हणजे 'डेथ नोट'वाला स्टुडिओ. योशियुकी तोमिनो तिथूनच बाहेर पडून पुढे 'गंडम' घेऊन आला. मॅडहाउस काढणाऱ्यांपैकी मासाओ मारुयामा तरुणपणी तेझुकाच्या हाताखाली कामाला लागला होता. २०११ मध्ये, सत्तरीत, त्याने 'मापा' हा स्टुडिओ काढला. आपला 'जुजुत्सू कायसेन' तिथला. आणि नंतर, ऐंशी ओलांडल्यावर, याच मारुयामाच्या स्टुडिओतून 'प्लूटो' आला. तेझुकाच्या 'अ‍ॅस्ट्रो बॉय'मधल्याच एका गोष्टीवर बेतलेला.

कथेत आतोमचा जन्मदिवस ७ एप्रिल २००३ असा दिलाय. तो दिवस खरोखर उजाडला, तेव्हा जपानने तो साजरा केला. कथेत आतोम जिथे जन्मला, त्या तोक्योच्या ताकादानोबाबा स्टेशनवर लोकल सुटताना त्याची धून वाजू लागली. जन्मदाता तेव्हा जाऊन चौदा वर्षं झाली होती. पोरगा मात्र अजून तेवढाच आहे. त्याची उंची कुठे वाढते!

काय बघाल, काय वाचाल?

प्लूटो (२०२३, नेटफ्लिक्स) : सुरुवात इथूनच करा. आठ एपिसोड, प्रत्येक साधारण तासाभराचा. जगातल्या सात सर्वांत ताकदवान रोबोंना कुणीतरी एकेक करून संपवतंय आणि तपास करणारा पोलीसही रोबोच. नाओकी उरासावाच्या मंगावरून. युद्ध आणि द्वेष यांवरची ही गोष्ट मोठ्यांसाठीच आहे.

डोरोरो (२०१९) : २४ एपिसोड. बापाने सत्तेसाठी राक्षसांना विकलेलं बाळ मोठं होऊन आपला एकेक अवयव परत मिळवत जातं. 'डीमन स्लेअर' आवडणाऱ्यांसाठी खास. मूळ मंगा १९६७ ची आहे, हे बघताना लक्षात ठेवा.

मेट्रोपोलिस (२००१) : दिग्दर्शक रिंतारो, पटकथा 'अकिरा'वाल्या कात्सुहिरो ओतोमोची. मोठ्या पडद्यावर मिळाला तर सोडू नका.

बुद्ध : इंग्रजीत आठ खंड. लायब्ररीत किंवा मित्राकडे मिळतोय का बघा, कारण संच विकत घ्यायचा तर पॉकेटमनी पुरणार नाही. पहिला खंड हातात घेतलात तर त्या रात्रीची झोप विसरा. पण फक्त त्या एकाच रात्रीची.